घडीची खाट: वडीलधाऱ्या पाहुण्यांसाठी



आपल्या वयाच्या माणसांचे एक ठरलेले वाक्य आहे. मुलाकडे, मुलीकडे, भाच्याकडे राहायला जायचे ठरले आणि तिकडून फोनवर विचारणा झाली, की आपण म्हणतो, "माझी कसली काळजी करता? मी कुठेही पडेन." बोलणाऱ्याच्या मनात संकोच असतो आणि ऐकणाऱ्याला ते सोयीचे असते. पण जन्मभर वॉर्डात काम केलेल्या माझ्यासारख्या बाईला त्यातला 'पडेन' हा शब्द खटकतो. आपल्या भाषेत पडणे म्हणजे आडवे होणे आणि पडणे म्हणजे कोसळणेही. सत्तरी ओलांडली की या दोन अर्थांतले अंतर फार थोडे उरते. जमिनीवरच्या गादीवरून किंवा डगमगत्या खाटेवरून रात्री उठताना तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले, अशा किती आजी-आजोबांची खाट मी लावली असेल याची गणती नाही.

आज आपल्या घरोघरीची मुले दूर आहेत. कोणी इस्राएलला, कोणी लंडनला, कोणी आखाती देशांत, तर कोणी पुण्या-बंगळुरूला. सगळीकडची घरे लहान. पाहुण्यासाठी वेगळी खोली नसते, म्हणून घडीची खाट, जिला आपण फोल्डिंग कॉट म्हणतो, ती घ्यावी लागते. ती कशी निवडावी हे या वेळी एका खऱ्या घराचे उदाहरण घेऊन सांगते.

दस्मानमधले घर

मी ज्या इस्पितळातून निवृत्त झाले, तिथे माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आज कुवेतमध्ये स्टाफ नर्स आहे. नवरा, दोन मुले आणि ती, असे चौघे दस्मान भागात दोन खोल्या आणि हॉल एवढ्या फ्लॅटमध्ये राहतात. दस्मान हे कुवेत शहराचे समुद्रालगतचे पूर्वेकडचे टोक. तिथे दस्मान राजवाडा आहे. १९९० साली २ ऑगस्टला इराकने हल्ला केला तेव्हा या राजवाड्यापाशी लढाई झाली होती. त्यानंतर तिथले एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानाने मायदेशी आणले गेले, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. निळ्या गोळ्यांचे प्रसिद्ध कुवेत टॉवर्स तिथून जवळच. मधुमेहावर संशोधन आणि उपचार करणारी दस्मान डायबेटिस इन्स्टिट्यूट ही संस्थाही याच भागात आहे. ती २००६ साली सुरू झाली. कुवेतमध्ये मधुमेहाचे प्रमाण खूप आहे, आणि आपल्याकडेही ते काही कमी नाही.

या मुलीच्या सासूबाई दोन महिन्यांसाठी तिकडे जायच्या होत्या. वय ७४, राहणार पनवेल. पंधरा वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाची गोळी, गुडघे दुखरे. मुलगा म्हणाला, "हवा भरायची गादी आणतो, काम भागेल." सासूबाई म्हणाल्या, "मला चटई पुरे. दोन महिन्यांसाठी कशाला खर्च?" सुनेने मला फोन केला, "सिस्टर, तुम्ही सांगा. कुठली खाट घेऊ?"

मी तिला खाटेचे नाव सांगितले नाही. आधी तीन प्रश्न विचारले. आईंच्या गुडघ्याची उंची किती? त्या रात्री किती वेळा उठतात? आणि खाट जिथे लावणार तिथून संडास किती पावलांवर आहे? यातले एकही उत्तर तिच्यापाशी नव्हते. आपल्यापैकी कोणाच्याच मुलांपाशी ते नसते, कारण आपण ते कधी सांगत नाही.

पाणी बंद करणारी माणसे

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर घ्यायला मी पनवेलला त्यांच्या घरी गेले. चहा झाल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "घरी असते तेव्हा दोनदा उठते. पण मुलांकडे गेले की संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नाही." मागे धाकट्या मुलाकडे गेल्या होत्या तेव्हा गादी जमिनीवर घातलेली होती. एकदा बसले की उठायला कोणाचा तरी हात लागे. रात्री कोणाला हाक मारायची, म्हणून त्यांनी पाणी तोडले. तिसऱ्या आठवड्यात लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप, आणि मग सलाईन. घरात सगळे म्हणत होते की हवापाणी बाधले. हवा बाधली नव्हती. खाटेची उंची बाधली होती.

हे सांगण्याचे कारण असे की वाईट बिछान्याचे दुखणे नेहमी कंबरेतच दिसते असे नाही. ते बद्धकोष्ठात दिसते, लघवीच्या जंतुसंसर्गात दिसते, दिवसा डुलक्या आणि रात्री जागरण यांत दिसते. उठणे अवघड झाले की माणूस उठण्याची कारणेच कमी करतो.

कुवेतमध्ये तर पाणी तोडून चालतच नाही. तिथल्या मित्रिबा या ठिकाणी २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. उन्हाळ्यात घरोघरी एसी दिवसरात्र चालू असतो. एसीच्या कोरड्या हवेत घाम दिसत नाही, तहानही फारशी जाणवत नाही, पण शरीरातले पाणी जातच असते. जाणे आपल्या हातात असेल तर नोव्हेंबर ते मार्च हे दिवस बरे.

आणखी एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. कुवेतचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे. पनवेलला पहाटे पाचला उठण्याची सवय असलेल्या बाईला तिथे रात्री अडीचला जाग येते. घर गाढ झोपलेले, हॉलमध्ये अंधार, घर परके. पहिले चार-पाच दिवस हे असेच चालते, आणि पडण्याची भीती या दिवसांतच सर्वांत जास्त. म्हणून खाट चांगली असून भागत नाही. ती पहिल्या रात्रीपासून तयार असली पाहिजे. "आई आल्या की त्यांना घेऊन दुकानात जाऊ" हे चालणार नाही.

आधी गुडघा मोजा

खाट घेताना लोक प्रथम किंमत पाहतात, मग रंग. तुम्ही प्रथम उंची पाहा. पाहुण्याला साध्या लाकडी खुर्चीवर बसवा, पावले जमिनीला पूर्ण टेकलेली असू द्या, आणि गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. आपल्याकडच्या ठेंगण्या बायकांचे हे माप साधारण १५ ते १६ इंच भरते, उंच पुरुषांचे १७ ते १८. खाटेवर बसल्यावर, म्हणजे गादी वजनाने दबल्यावर, बसण्याची जागा या मापाएवढी किंवा इंचभर जास्त हवी. त्याहून कमी असेल तर उठताना गुडघ्यांवर जोर येतो आणि माणूस मागे कलंडतो. फार जास्त असेल तर पावले लोंबकळतात आणि उतरताना पाय घसरतो.

सासूबाईंचे माप १६ इंच आले. मी ते कुवेतला कळवले. मुलीने दुकानातून व्हिडिओ कॉल लावला आणि टेप धरून एकेक खाट दाखवली. पहिल्या खाटेचा सांगाडा १० इंचांचा, वर ३ इंचांची पातळ गादी. बसल्यावर ती १२ इंचांवर आली. ती बाद. दुसऱ्या खाटेचा सांगाडा १४ इंच आणि गादी ४ इंच, म्हणजे वरून १८. मुलगी स्वतः बसली तेव्हा गादी दीड इंच दबली. उरले साडेसोळा. ती बरोबर. हा हिशेब कोणालाही जमतो. त्याला डॉक्टर लागत नाही.

गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदललेला असेल त्यांनी मात्र आपल्या सर्जनला उंची विचारून घ्यावी. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडी पोटाकडे काटकोनापेक्षा जास्त वाकू नये असे सांगितलेले असते, त्यामुळे त्यांना थोडी जास्त उंची लागते.

बाजारातले प्रकार

आपली जुनी बाज आठवते ना? इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १४व्या शतकात हिंदुस्थानात आला, तेव्हा त्याला इथल्या खाटेचे मोठे कौतुक वाटले. एका माणसाला उचलता येते आणि विणलेली असल्यामुळे मुळातच मऊ लागते, असे त्याने लिहून ठेवले आहे. हलकी आणि पाठीला झेलणारी, ही पाहुण्याच्या खाटेची दोन्ही लक्षणे आजही तीच आहेत. पण बाज मधोमध झोळी होते, आणि झोळीतून उठणे म्हाताऱ्या माणसाला जमत नाही.

नायलॉनच्या पट्ट्यांची घडीची खाट स्वस्त असते. नवी असताना ठीक, पण वर्षभरात पट्ट्या सैल पडतात. पट्ट्या ताणून पुन्हा बसवता येत असतील तरच घ्यावी, आणि वर पातळ प्लायवुडची फळी टाकावी.

कॅनव्हासची सफरीची खाट तरुणांनी सहलीला न्यावी. ती बुटकी असते आणि कडेवर बसले की आडवी होते.

हवेची गादी आपल्या वयाच्या माणसाला नकोच. ती जमिनीलगत असते, बसले की एका बाजूने फुगते, उठताना आधार देत नाही, आणि पहाटेपर्यंत थोडी हवा गेलेली असते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पाठीच्या जखमा होऊ नयेत म्हणून पंपाची हवेची गादी वापरतात. ती वेगळी वस्तू, आणि तीही भक्कम खाटेवरच घालतात.

सोफा-कम-बेडमध्ये एक गोम आहे. बंद असताना त्याची उंची चांगली असते, उघडला की तो खाली जातो, आणि दोन भागांचा सांधा नेमका कंबरेखाली येतो. दुकानात उघडून मापा. कधीकधी सोफा न उघडता त्याच्या लांबीवरच झोपणे बरे पडते. मात्र तो निदान ३० इंच रुंद आणि घट्ट हवा.

मधोमध दुमडणारी, लोखंडी सांगाड्याची, खाली लाकडी पट्ट्या किंवा जाळी आणि वर वेगळी फोमची गादी असलेली चाकांची खाट या सर्वांत उजवी. दस्मानच्या घरात शेवटी हीच आली.

दुकानात करायच्या परीक्षा

खाट फोटो पाहून घेऊ नका. घरातल्या कोणीतरी दुकानात जावे आणि लाज न बाळगता हे करावे.

पहिले, उताणे आणि कुशीवर मिळून निदान दहा मिनिटे पडून पाहावे. दोन मिनिटांत सगळ्याच गाद्या छान लागतात. कंबरेखाली किंवा खांद्याखाली दांडी टोचते का ते पाहावे. नुसत्या हाताने दाबून हे कळत नाही.

दुसरे, कडेवर बसावे. मध्यावर, मग डोक्याकडे, मग पायाकडे. दुसरी बाजू उचलली गेली तर ती खाट नको. कित्येक घडीच्या खाटांचे पाय टोकापासून आत असतात, त्यामुळे टोकावर बसले की त्या उलटतात. घेतलेल्या खाटेवरही पाहुण्याने नेहमी मध्यावरच बसावे.

तिसरे, लेबलावर किती किलो वजन पेलते ते वाचावे. पाहुण्याच्या वजनाहून निदान ३० किलो जास्त लिहिलेले असावे, कारण आपण हळूच बसत नाही, धपकन बसतो, आणि सगळा भार एकाच जागी येतो.

चौथे, चाके. निदान दोन चाकांना ब्रेक हवा. ब्रेक लावून खाट कमरेने ढकलून पाहावी. गुळगुळीत फरशीवर ब्रेक असूनही ती सरकत असेल तर रात्रीपुरती चाके काढून पायांना रबरी बूट बसवता येतात का, हे दुकानदाराला विचारावे.

पाचवे, खाट स्वतः दोनदा उघडावी आणि मिटावी. खटका पूर्ण बसल्याचा आवाज येतो का? बोटे कुठे अडकतात? ही खाट पाहुण्याने कधीही उघडू-मिटू नये, ते काम घरच्या तरुणांचे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांची कातडी नाजूक असते. पत्र्याची धार लागली की रक्त लवकर थांबत नाही, आणि मधुमेह असेल तर जखम भरायला वेळ लागतो. म्हणून कडा आणि कोपरे हात फिरवून तपासावेत. पायांची जाणीव कमी झालेल्या मधुमेह्याला पायाकडची उघडी लोखंडी पट्टी लागली तरी कळत नाही. अशा पट्टीला जुन्या चादरीची पट्टी गुंडाळून टाकावी.

सहावे, रुंदी आणि लांबी. ८० सेंटीमीटर रुंदीच्या खाटेवर कूस बदलताना माणूस कडेवर येतो. ९० सेंटीमीटर असेल तर निर्धास्त वळता येते. किमतीत थोडा फरक पडतो, पण पैसे तिथेच घालावेत. लांबी उंचीपेक्षा निदान सहा इंच जास्त असावी.

गादी आणि उशी

घडीच्या खाटेबरोबर येणारी गादी बहुधा पातळ असते. चार इंचांहून कमी जाडी घेऊ नये. फोमची घनता विचारावी. ३२ किंवा ४० किलो प्रति घनमीटर असे उत्तर आले तर चांगला फोम. दुकानदार सांगेनासा झाला तर मूठ दाबून पाहावी. मूठ खालच्या फळीला लागली तर गादी परत करावी. अंग रुतणारा फार मऊ फोमही नको, कारण त्यात कूस वळायला जास्त जोर लागतो आणि उकडते. रबर घातलेली काथ्याची गादी घट्ट असते आणि वारा खेळता ठेवते, पण ती दुमडत नाही. ती घेतली तर दिवसा वेगळी उभी ठेवावी लागते.

उंची थोडी कमी पडत असेल तर पायांखाली विटा किंवा ठोकळे ठेवू नका. घडीच्या खाटेचे पाय तिरपे असतात, ते ठोकळ्यावरून निसटतात. त्याऐवजी गादी जाड करावी. लहान मुलांसाठी मिळणारी कडेची जाळीही अशा हलक्या खाटेला लावू नये. गादी आणि जाळी यांच्या फटीत हात किंवा मान अडकण्याचा धोका असतो. खाटेची एक बाजू भिंतीला लावावी. ज्या बाजूचा पाय अधिक भक्कम, त्या बाजूने उतरण्याची सोय ठेवावी.

ज्यांना आडवे झाल्यावर दम लागतो, किंवा आंबट पाणी घशाशी येते, त्यांनी डोक्याकडची बाजू उचलता येणारी खाट पाहावी. तशी नसेल तर उतरत्या आकाराची फोमची उशी पाठीपासून डोक्यापर्यंत लावावी. एकावर एक तीन उशा रचल्या की मान तेवढी मोडते, छाती खालीच राहते. आणि झोपताना उशा वाढवण्याची गरज अलीकडेच लागू लागली असेल, तर ती गोष्ट उशीवर सोडू नका, डॉक्टरांना सांगा. हृदयाच्या तक्रारीची ती खूण असू शकते.

खर्चाची गोष्ट

दस्मानच्या घरात ती खाट गादीसकट ३५ दिनारला आली. एक दिनार म्हणजे अडीचशे रुपयांच्या वर. सासूबाईंनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि फोनवरच ओरडल्या, "अगो, नऊ-दहा हजार एका खाटेला? परत कर." मी त्यांना म्हटले, "वहिनी, खुबा मोडला तर परदेशातल्या इस्पितळाचा पहिला दिवससुद्धा एवढ्यात भागणार नाही." मग त्या गप्प बसल्या. परदेशी जाताना आरोग्य विमा काढावा हे तर आहेच.

स्वस्तात घ्यायचे असेल तर जुनी खाट घेता येते. कुवेतमध्ये अल-राई भागात सूक अल-जुमा, म्हणजे शुक्रवारचा बाजार भरतो. तिथे वापरलेले फर्निचर मिळते. नोकरी संपवून मायदेशी परतणारी कुटुंबेही सामान विकतात. मुंबईतला चोरबाजार आठवावा, तसाच प्रकार. पण जुन्यात सांगाडा तेवढा घ्यावा, गादी नवीच घ्यावी. जुन्या गादीत ढेकूण असतात, आणि एकदा घरात शिरलेले ढेकूण जाता जात नाहीत. सांगाडा उन्हात आडवा करून सांध्यांत, स्क्रूच्या भोकांत काळे ठिपके दिसतात का ते पाहावे. वेल्डिंगला चीर असेल तर कितीही स्वस्त असली तरी ती खाट सोडून द्यावी. दोन-तीन ओळखीच्या घरांनी मिळून एकच चांगली खाट घ्यावी, ज्याच्याकडे पाहुणा त्याच्याकडे ती जावी, हाही एक मार्ग आहे.

पहिल्या रात्रीची तयारी

खाट अशी लावावी की उतरल्यावर संडासाची वाट सरळ असेल. वाटेतले गालिचे, चार्जरच्या वायरी, मुलांची खेळणी उचलावीत. एसीचा झोत थेट अंगावर नको.

वाटेवर रात्रभर बारीक दिवा हवा. इथे एक बारकावा. कुवेतमध्ये चौकोनी तीन पिनांचा, इंग्लंडसारखा प्लग चालतो. आपल्या गोल पिना तिथल्या भिंतीत बसत नाहीत. म्हणून रात्रीचा दिवा तिथलाच घ्यावा आणि उशाशी एक छोटी बॅटरी ठेवावी.

खाटेशेजारी जड, चार पायांची, चाके नसलेली खुर्ची ठेवावी. उठताना तिचा आधार घ्यावा, खाटेच्या लोखंडी कडेचा नको. खुर्चीवर पाण्याची बाटली, चष्मा, काठी आणि मोबाईल. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्यांनी सोबत चार चमचे साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. अवेळी घाम आला, हात थरथरले तर स्वयंपाकघर शोधत फिरावे लागू नये. गोळ्या-इन्सुलिनची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे कशी बदलायची हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

खाली मागून बंद असलेल्या, रबरी तळाच्या सपाता. नुसत्या मोज्यांवर फरशीवर चालू नये. पुरुषांना प्रोस्टेटमुळे वारंवार उठावे लागते. त्यांनी रात्रीपुरते झाकणाचे युरिन पॉट वापरण्यात काही कमीपणा मानू नये.

उठण्याची रीतही सांगते. आधी कुशीवर वळा. पाय खाटेखाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या कोपराने व वरच्या हाताच्या तळव्याने गादी रेटून उठून बसा. बसल्यावर निदान एक मिनिट थांबा, घोटे वरखाली दहा वेळा हलवा. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांनी उभे राहताच दाब खाली येतो आणि पहिल्या तीन मिनिटांत चक्कर येते. मग पावले मागे ओढून, पुढे झुकून उभे राहा, आणि उभे राहूनही दहा आकडे मोजा, तेव्हा चाला. ही रीत आमच्या वॉर्डात रोज शिकवत असू आणि ती फुकट आहे.

एवढे करूनही कोणी पडलेच, तर काखेत हात घालून ओढून उभे करू नका. जांघेत दुखते का विचारा. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेर वळलेले असेल तर हाड मोडले असे समजून हलवू नका. पांघरूण घाला आणि रुग्णवाहिका बोलवा. कुवेतमध्ये ११२, भारतात १०८ किंवा ११२, इस्राएलमध्ये १०१. हे आकडे फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

दिवसा खाट मिटण्यापूर्वी चादर काढून गादीला तासभर वारा लागू द्या, नाहीतर अंगाच्या दमटपणाने कुबट वास धरतो. मिटलेली खाट भिंतीला पट्ट्याने बांधा, लहान मुलाच्या अंगावर ती पडू शकते.

पाहुण्यांना दोन शब्द

सासूबाई दोन महिने राहून परत आल्या. मी विचारले, "झोप लागत होती का?" तर म्हणाल्या, "झोपेचे सोडा हो. मी रात्रीचे पाणी पीत होते." इतकी खाटांची माहिती सांगितली, पण त्या खाटेची याहून चांगली पावती मला माहीत नाही.

मुलांना आपली काळजी नसते असे नाही. त्यांना आपले गुडघे ठाऊक नसतात. तेव्हा पुढच्या वेळी फोनवर "मी कुठेही पडेन" असे म्हणू नका. टेप घ्या, गुडघा मोजा आणि सांगा, "मला सोळा इंचांची खाट लागते, रात्री दोनदा उठते, आणि वाटेवर दिवा हवा." यात हट्ट नाही आणि मिजासही नाही. औषधाची चिठ्ठी जशी देतो, तसेच हे आहे. आणि ज्यांच्या घरी पाहुणे यायचे आहेत त्यांनी हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी आपली खाट उघडून तिच्यावर दहा मिनिटे पडून पाहावे.